फुलमतीचा उतार

दुपारच्या चहाआधी कुमुदताई गावंडे फिरायला जात, तेही झोपेत. अमरावतीच्या चाचणी केंद्रातल्या खाटेवर त्या आडव्या झाल्या की डॉक्टर श्रुतिका ठोंबरे त्यांच्या उजव्या गुडघ्यावर एक मऊ पट्टा बांधायची. डोळा लागताच पट्ट्यातले इवलेसे फुगे फुगत, ओसरत आणि आखडलेली गुडघ्याची वाटी हळूहळू वर-खाली सरकवत. मग कुमुदताई निघत.

उतार नेहमी तोच. पायाखाली सागाची वाळलेली पानं, मोहाचा गोडसर वास, डोक्यावर टोपलीचा भार. खरं तर कुमुदताईंनी जन्मात डोक्यावर टोपली घेतली नव्हती. त्यांचं आयुष्य गेलं खो-खोच्या मैदानावर. आधी खेळाडू, मग मुलींच्या प्रशिक्षक. अपघातात वाटी फुटली, जोडली, पण जागची हलेना. उकिडवं बसणं गेलं, त्याबरोबर मैदानही गेलं.

तिसऱ्या महिन्यात त्या कुणाचाही आधार न घेता उकिडव्या बसल्या. श्रुतिकाने टाळ्या वाजवल्या. कुमुदताई उठून चार पावलं चालल्या आणि थबकल्या.

"ही माझी चाल नाही गं. मी अशी डुलत कधी चालले?"

"वाटी कशी सरकावी, हे पट्ट्याला कुणाकडून तरी शिकावं लागतं, मॅडम. मेळघाटात फुलमती कासदेकर म्हणून एक बाई आहेत. साठी उलटली, पण गुडघे लोण्यासारखे. त्यांच्या पायालाही असाच पट्टा आहे. त्यांच्या चालीचा ठसा रोज तुमच्या वाटीला मिळतो. चालठसा म्हणतो आम्ही त्याला."

"आणि मोहाचा वास?"

श्रुतिका गडबडली. "वास आम्ही पाठवत नाही."

"उतारावर एक काळा खडक लागतो. दर वेळी तिथे पाय अडतो आणि छाती भरून येते. त्यांना विचार, तिथे काय आहे?"

दुसऱ्या दिवशी श्रुतिकाने फुलमतीला कुमुदताईंसमोरच्या पडद्यावर बोलावलं. प्रश्न ऐकून तिचं हसू मावळलं.

"तिथं माही बहीण बसे. दोघी मिळून मोहफुलं वेचायचो. ती गेली, तवापासून मी तिथं थांबते, मंगच पुढं जाते. कोणाले सांगितलं नव्हतं हे." मग ती पुढे झुकली. "आता तुमी सांगा, बाई. चुलीपुढं बसली का माह्या पाठीवर थाप पडते. मांगं पाहते तं कोणी नाही. अन् मी उठून पळत सुटते!"

कुमुदताईंच्या अंगावर काटा आला. पाठीवर थाप पडली, 'खो' ऐकू आला, की उठून पळायचं; हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं, शिकवलं होतं.

श्रुतिकाचा चेहरा उतरला. "इकडून तिकडे काही जायलाच नको होतं. मी आजच चाचणी थांबवते. दोन्ही पट्टे काढू. तुमची वाटी थोडी आखडेल परत, पण—"

"थांब ना, पोरी," फुलमती म्हणाली. "काल पळता पळता मी त्या खडकापाशी थांबलीच नाही. पहिल्यांदाच. घरी येऊन लई रडली. अन् मंग हलकं वाटलं."

कुमुदताईंच्या छातीत मात्र कालपासून काहीतरी जड होऊन बसलं होतं. आपल्याला बहीण नाही, हे त्यांना स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं.

"श्रुतिका," त्यांनी हळूच विचारलं, "पट्टे काढलेस, तर तिचं दुःख कुणाकडे राहील गं? तिच्याकडे, की माझ्याकडे?"