जोडीदाराची खूण

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी एकच ध्यास घेतला होता. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी नवऱ्याला घेऊन कोमट समुद्रात उतरायचं, प्रवाळ बघायचे. किनाऱ्यावरची खोली ठरली, सुट्टीही ठरली. अडून बसला होता नवरा. गुडघाभर पाण्यात घाबरणारा तो माणूस अखेर तिच्या हट्टापायी स्कूबा डायव्हिंग शिकायला तयार झाला.

"मासेसुद्धा हसतील गं मला."

"हसू देत. मी आहे ना सोबत."

सरावाला संध्याकाळची वेळ मिळाली. छपराखालचा जुना तलाव. अर्धे दिवे बंद, क्लोरीनचा वास नाकाला झोंबणारा, खोल बाजूचं पाणी काळपट. मास्तरांनी काठावरच बजावलं, "खाली खूण हाच शब्द. दोन्ही तर्जनी जवळ आणल्या, की आपण जोडीदार. अंगठा नि बोट जुळवून गोल केला, की होकार. एकदा होकार दिला, की काही झालं तरी जोडीदाराला सोडायचं नाही."

पाठीवर हवेच्या टाक्या बांधून तिघं खोल बाजूच्या कोपऱ्यात तळाशी गेले. जगाला लख्ख दिसावं म्हणून झटणारी ही बाई चष्म्याविना आंधळीच. पाण्यातल्या मास्कला नंबरची काच बसवायचं ती रोज उद्यावर ढकलत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! समोर दोन काळे आकार हलत होते. मग दोघेही वर निघाले. मास्तरांनी जाता जाता अगदी जवळ येऊन तिला थांबायची खूण केली. ती गुडघ्यांवर बसून राहिली. स्वतःच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. तिला फार एकटं वाटलं.

थोड्या वेळाने एक आकार परतला. शेजारी बसला, तिचा डावा हात हातात घेतला. नवरा आला, तिचा जीव भांड्यात पडला. त्याने हात सोडून दोन्ही तर्जनी जवळ आणल्या. हा भित्रा आता खुणाही करायला लागला! तिने हसत गोल करून दाखवला. त्याने पुन्हा हात धरला. या खेपेला घट्ट.

मास्तरांनी खांद्याला धरून तिला वर आणलं. नवरा काठावर टॉवेल गुंडाळून, कान दाबून बसला होता.

"तू... माझ्याआधी कसा आलास वर?"

"अगं, कान ठणकायला लागला म्हणून मास्तरांनीच आणलं. तेव्हापासून इथेच आहे."

"परत आलास ना खाली... हात धरलास..."

"मी? छे!"

तिने मास्तरांकडे पाहिलं. ते नजर चुकवत म्हणाले, "मी आलो तेव्हा तुम्ही एकट्याच होतात, बाई. फक्त... डावा हात बाजूला पसरला होता तुम्ही." मग स्वतःशीच पुटपुटले, "त्या कोपऱ्यात कुणाला एकटं सोडत नाही मी. आज चुकलं."

घरी येताच तिने सगळा बेत मोडला आणि ढसाढसा रडली. समुद्र हातचा गेला याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती होती.

"होकार दिलाय रे मी... कुणाला तरी."

"भास झाला तुला. नको जाऊया. पाणी काय जिने चढून चौथ्या मजल्यावर येणार आहे?" त्याने तिला जवळ घेतलं. तिला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

त्यानंतर ती पाण्याला शिवली नाही. अंगसुद्धा ओल्या फडक्याने पुसायची, तेही उजव्या हाताने. तरी डाव्या तळव्याची कातडी, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी, पांढरी आणि सुरकुतलेलीच राहिली. डॉक्टरांनी मलम दिलं. ती नेमाने लावत होती.

आज सकाळी सुरकुत्या कोपराच्या वर गेल्या होत्या.