रिकाम्या रकान्याचा अर्थ

मिरजेतल्या ‘पाऊल’ कार्यशाळेत त्या सोमवारी त्रेचाळीस कृत्रिम पाय तयार झाले, आणि त्रेचाळीसही डावे निघाले.

अकरा वर्षांच्या जुईने ते दोनदा तपासले. कार्यशाळा तिच्या अन्वीआत्याची. आत्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. बाहेर बाकावर सांगोल्याचे बनसोडे गुरुजी थांबले होते. त्यांना उजवा पाय हवा होता. मागच्या आठवड्यातही त्यांच्या नावाने डावाच निघाला होता.

“आत्या, पाय घडवणारे यंत्रहात बिघडलेत का गं?”

“नाही. त्यांना जे सांगितलं जातं, ते बिनचूक करतात. सांगणारी मीच.”

तीन आठवड्यांपूर्वी आत्याने नवी व्यवस्थापन प्रणाली (मागणी, माल आणि पाठवणी एकत्र सांभाळणारी संगणकीय आज्ञावली) आणली होती. ‘बसवायला जाणकार हवा का?’ असं विकणाऱ्यांनी विचारलं, तेव्हा ती नको म्हणाली. शिकवणारे व्हिडिओ बघून तिने सगळं स्वतःच केलं आणि जुनी वही त्याच दिवशी कपाटात ठेवली. तेव्हापासून ती रोज चुका निस्तरत होती.

शेवटी तिने हेमांगीआजींना बोलावलं. अशा प्रणाली बसवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. आजींनी संगणकाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी जुनी वही मागितली, आणि ती लिहिणाऱ्या जुन्या कारागीर दस्तगीरचाचांना शेजारी बसवलं.

“चाचा, ‘बाजू’च्या रकान्यात काही ठिकाणी ‘डा’ आहे. बाकीचे रकाने रिकामे का?”

“रिकामा म्हणजे उजवा! डावा असला तरच लिहायचं. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला?”

“मला. आणि माझ्याआधी वही लिहिणाऱ्या जाधवांना होतं. ते वारले.”

आत्याने कपाळावर हात मारला.

“माहितीचं स्थलांतर (जुनी माहिती नव्या प्रणालीत नेणं) करताना हेच होतं,” आजी जुईला म्हणाल्या. “यंत्राला रिकामा रकाना चालत नाही. तिथे ते पूर्वनिर्धारित मूल्य (आपण काही निवडलं नाही तर यंत्र स्वतःहून भरतं ते उत्तर) घालतं. इथे पर्यायांच्या यादीत पहिलं काय होतं?”

“डावा!” जुई ओरडली. “म्हणजे यंत्राला वही कळली, पण चाचांच्या डोक्यातलं कळलं नाही.”

“अगदी बरोबर. जाणकाराचं अर्धं काम संगणकावर नसतंच. तो माणसांना विचारत फिरतो. मग दहाच मागण्यांवर चाचणी घेतो. आणि नव्याचा भरवसा वाटेपर्यंत जुनी वही बंद करू देत नाही.”

आत्या उठून बाहेर गेली. “गुरुजी, चूक यंत्राची नाही, माझी आहे. तुमचा पाय चाचा हाताने करतील. गुरुवारी याल?”

“म्हणजे शाळेतून तिसरी रजा,” गुरुजी म्हणाले. ते चिडले नाहीत, नुसते दमलेले दिसले. कुबड्या सावरत ते निघाले. त्यांच्याकडे बघणं जुईला जड गेलं.

त्या आठवड्यात आत्याने चुकीचा पाय निघालेल्या पंचवीस घरी फोन करून माफी मागितली. आजींनी प्रणालीतला तो नियम काढला आणि नवा घातला: रकाना रिकामा असेल तर थांबायचं आणि विचारायचं. गुरुवारी गुरुजी उजव्या पायावर उभे राहिले, चार पावलं चालले आणि चाचांचा हात धरून राहिले.

पुढच्या सोमवारी दहा मागण्यांची चाचणी सुरू झाली. पहिल्या सहा मागण्यांत ‘डा’ लिहिलेलं होतं; सातव्या मागणीला यंत्रहात थबकले. पडद्यावर अक्षरं आली: ‘बाजू कोणती?’

“उजवा,” चाचा वहीत बघून म्हणाले. “रिकामा आहे ना.”

“विचारून घेऊ या,” आत्या म्हणाली आणि तिने जुईकडे फोन दिला.

पलीकडून एक बाई बोलल्या. जुईने फोनवर हात ठेवला. “चाचा, त्या म्हणतात, डावा.”

चाचांनी चष्मा काढून पुसला. “त्या दिवशी फार गर्दी होती. लिहायचं राहिलं असेल माझ्याकडून.”

जुईने ‘डावा’ निवडलं आणि यंत्रहात पुन्हा कामाला लागले. अजून तीन मागण्या तपासायच्या होत्या. आत्याने खुर्ची पुढे ओढली आणि आठवं नाव वाचलं.