निळ्या चेहऱ्यांचे फोटो

"अहो, थांबा! तो कॅमेरा माझा आहे!"

पोहण्याच्या स्पर्धा संपून बक्षिसं वाटून झाली होती. तिने वळून पाहिलं. वर्तमानपत्राचा उंच फोटोग्राफर धापा टाकत येत होता, गळ्यात तिचाच कॅमेरा. सकाळी टेबलावर दोन सारखेच कॅमेरे होते, दोघांनी एकमेकांचा उचलून स्पर्धाभर फोटो काढले. दोघंही एक नंबरचे धांदरट!

तिने घाईघाईने त्याच्या कॅमेऱ्यात आपण काढलेले फोटो पाहिले आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. लख्ख उन्हात काढलेल्या विजेत्या मुली, प्रशिक्षक, पाहुणे... सगळे निळेजांभळे!

"काल हॉलमध्ये पिवळे दिवे होते," तो पुटपुटला. "सेटिंग तसंच राहिलं..."

"वा! आत्या तिचा फोटो स्टुडिओ मला देणार की नाही, ते आजच्या फोटोंवर ठरणार होतं," ती डोळे पुसत म्हणाली.

"रडू नका हो. माझ्या कॅमेऱ्यात फोटो रॉमध्ये, म्हणजे कच्च्या रूपातच साठतात."

"मी जेपेगवाली. फोटो निघाला की तयार! तुमच्या त्या भल्यामोठ्या फायलींचं काय लोणचं घालू?"

"चला तर खरं."

त्याच्या ऑफिसात खुर्चीला खुर्ची लागली. "जेपेगमध्ये रंग कॅमेराच ठरवून मोकळा होतो," तो सांगत होता. "रॉमध्ये त्याने पाहिलेलं सगळं शिल्लक राहतं. रंग मागाहून आपण ठरवायचे." त्याने पडद्यावरची एक पट्टी जराशी सरकवली... आणि निळ्या मुलीच्या गालांवर लाली चढली! ओले केस, गळ्यातलं पदक, डोळ्यांतलं हसू... ती आनंदाने किंचाळलीच. आपण त्याचा दंड घट्ट धरलाय, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. तिने तो सोडला मात्र नाही.

तेवढ्यात संपादकबाई डोकावल्या. "काय रे, आज तुझे फोटो चक्क वेळेवर?"

तो लाजला. "यांच्या कॅमेऱ्यातून काढले. जेपेग होते... लगेच पाठवता आले."

संध्याकाळी आत्याने चष्मा पुसून सगळे फोटो दोनदा पाहिले, आणि स्टुडिओच्या किल्ल्या भाचीच्या हातावर ठेवल्या. भाची तडक त्याच्या ऑफिसात पोचली.

"स्टुडिओ माझा झाला! आणि ऐका... तुम्ही मला आवडता."

"मला... म्हणजे..."

"झालं! रॉवाले तुम्ही. सगळं मागाहून ठरवणार!"

"छे," त्याने तिचा हात हातात घेतला. "हे दुपारीच ठरलंय. तू दंड धरलास ना... तेव्हाच."

तिने अख्ख्या ऑफिसासमोर त्याला कडकडून मिठी मारली, आणि पहिली टाळी संपादकबाईंची पडली.