गवेकुळाचा निरोप

काम साधं होतं. माझी भाची प्रणिता तीन दिवस ऑफिसातच मुक्काम ठोकून होती, फोन उचलत नव्हती. वहिनीने डबा माझ्या हातात दिला. "अक्का, तिला घेऊनच या." तीस वर्षं बातमीदारी केली, मंत्र्यांना दारात गाठून बोलतं केलं; एका पोरीला घरी आणणं ते काय! चामराजपेटेहून भर दुपारी मेट्रोने व्हाइटफील्डला तिच्या गेम कंपनीचं ऑफिस गाठलं.

अकराव्या मजल्यावर पडदे ओढलेले. एसी जोरात चालू, तरी खोलीत वास... ओल्या कातड्याचा आणि चुरगळलेल्या गवताचा. टेबलाभोवती प्रणिता आणि दोघे जण, मधे फासे. चौथी खुर्ची रिकामी.

"मॅम, प्लीज," मालक यशोवर्धन कुजबुजला. पुण्याहून आलेला. "टेस्टिंग चालू आहे."

त्यांच्या खेळात गव्याच्या तोंडाची माणसं आहेत, गवेकुळ. त्यांचा धर्म प्रणिताने रचलेला. कुळातल्या मेलेल्याचं नाव घ्यायचं, रिकाम्या आसनावर मूठभर गवत ठेवायचं, तो आला की फासा टाकून कौल मागायचा.

"छान," मी म्हटलं. "आणि परत कसं पाठवता?"

"म्हणजे?"

"आलेल्याला निरोप. आमच्याकडे गणपतीलासुद्धा उत्तरपूजा करून पोचवतात."

तो हसला. "होतं ना ते. प्लेयर्स बोअर व्हायचे, स्किप करायचे. मग कट केलं."

माझं डोकंच फिरलं. बातमीचा शेवट कापणारे उपसंपादक मी जन्मभर सोसले. पण त्यात फक्त बातमी मरायची.

"किती जणांना बोलावलंत असं?"

"तीन दिवसांत... चाळीसेक."

"आणि एकालाही जा म्हटलं नाही? घरी पाहुण्यांना असंच वागवतोस?"

टेबलापाशी बसलेला किरणकुमार चिकपेटचा, आमच्यासारखाच इथला जुना मराठी. तो खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, परवापासून प्रणिता जेवलेली नाही बघा. नुसती फासे टाकते."

प्रणिताने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आत्या," ती पुटपुटली, "स्वल्प हळू बोल. ते... बुजतात."

मग मी कुणाचं ऐकलं नाही. यशोवर्धनला लिहायला बसवलं आणि निरोपाचा विधी सांगितला. अक्षता वाहायच्या, 'आलात तसे सुखाने जा' म्हणायचं, आसन जागचं हलवायचं. झालं! एवढ्यासाठी ह्यांना वेळ नव्हता. अक्षता कुठून आणणार? डब्यातला भातच वाहिला. देव चालवून घेतो, गवे काय म्हणतील कुणास ठाऊक.

रिकाम्या खुर्चीला मी बोट लावलं. ती अलगद घरंगळत भिंतीला टेकली. वास विरला. यशोवर्धनने पडदा सारला तसा खालच्या गाड्यांचा कलकलाट आत आला, आणि तो मला चक्क गोड वाटला.

"सरी, झालं एकदाचं," किरणकुमारने सुस्कारा सोडला. "सुटलो, अक्का."

"चल ग, घरी," मी प्रणिताला म्हटलं.

ती उठेना. मी तिची खुर्ची मागे ओढली. हलेना. चाकांची खुर्ची, वर पंचेचाळीस किलोची पोर. किरणकुमार आला, यशोवर्धन आला. तिघांनी मिळून जोर लावला.

"आत्या," प्रणिता मान वर न करता म्हणाली, "ओढू नकोस... अजून येतायत."

खुर्ची तसूभर सरकली नाही. तिच्या चाकांखालची फरशी मात्र करकरत, हळूहळू खचत होती.