टामातीचा पिवळा ट्रॅक्टर

शेकोटीत अजून एक ओंडका टाका आणि जवळ सरका. तिकडे शेडमध्ये उभा आहे ना तो पिवळा ट्रॅक्टर, दुपारी ज्याच्यावर चढून फोटो काढलेत, त्याचीच गोष्ट आहे. नेव्हिल क्रॅडक माझा मेव्हणा. घडलं त्याच्या बाबतीत, पण तो स्वतः तोंड उघडत नाही, म्हणून मी सांगतो.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यातली, म्हणजे इथल्या जुलैतली, दुसऱ्या शुक्रवारची रात्र. नेव्हिलचं गॅरेज मास्टरटन शहरात. जुने ट्रॅक्टर म्हणजे त्याचा जीव की प्राण. गंजका नट हातात दिला तरी तो कुठल्या यंत्राचा हे सांगत बसायचा आणि आम्ही जांभया देत ऐकायचो. त्याला इथे किनाऱ्यावर राहणाऱ्या मेरेआनाचा फोन आला. "नवऱ्याने त्या ट्रॅक्टरला काय काय जोडून ठेवलंय, ते एकदा बघून सांग. कळल्याशिवाय पोराला मी हात लावू देणार नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. या किनाऱ्यावर तेव्हा दोनच घरं आणि ट्रॅक्टर हा एकच. धक्का नाही, बंदर नाही. बोट ट्रेलरवर ठेवून ट्रॅक्टरने मागे रेटत लाटांत न्यायची आणि परत आली की तशीच ओढून वर घ्यायची. त्याच्या तीन वर्षं आधी तिचा नवरा टामाती एकटाच शेवंडाचे, म्हणजे लॉबस्टरचे, पिंजरे काढायला गेला. किल्ली ट्रॅक्टरलाच ठेवायची हा इथला नियम तुम्हाला ठाऊक आहे. कुणाला कधी मदतीसाठी बोट पाण्यात घालावी लागेल, सांगता येत नाही. पण आदल्या दिवशी सुट्टीवर आलेल्या टवाळांनी ट्रॅक्टर पळवून वाळूत रुतवला होता. टामाती भडकला आणि त्या एका दिवशी किल्ली खिशात घालून गेला. रात्र झाली, तो आला नाही. शेजाऱ्यांची बोट होती, ट्रॅक्टर समोर होता आणि किल्ली समुद्रात. खटपट करून इंजिन सुरू होईपर्यंत उजाडलं. बोट सापडली. टामाती सापडला नाही.

नंतर मेरेआनाने नवी किल्ली करून घेतली, पण ट्रॅक्टर ताडपत्रीखालीच राहिला. आता तिचा मुलगा राविरी हाताशी आला होता आणि त्यालाही समुद्रच हवा होता.

नेव्हिलने दुपारी ताडपत्री काढली. हा शेतातला ट्रॅक्टर नव्हे, लाकडाच्या वखारीत गाडे ढकलायला बनवलेला. बुटका, बैलासारखा जड, पुढे जाड लोखंडी पाट. त्यावर टामातीची कारागिरी. धुराचं नळकांडं डोक्याच्या वर नेलेलं, म्हणजे पाण्यात उतरला तरी इंजिन गुदमरू नये. स्टिअरिंग सरळ अडकवून ठेवणारी एक खिटी. समुद्राकडे तोंड केलेला मागचा दिवा. आणि क्लचपासून निघून सीटखालून मागे गेलेली एक तार. तिच्या टोकाला दोरीचा फास, नुसताच लोंबकळत.

"काका, तपासणी चाललीय की लग्नाला मुलगी बघताय?" राविरी म्हणाला.

"मुलगी परवडली. विचारलं तर बोलते तरी." नेव्हिलने तार ओढून बघितली. "मागे तर पाणी असतं. चालवणारा वर बसलेला असताना मागून क्लच कोण ओढणार?"

"बाबा काहीही जोडायचे. चला, ओहोटी लागायच्या आत एक फेरी मारून येतो."

मेरेआना पायरीवर उभी राहून ऐकत होती. नेव्हिल तिला म्हणाला, "बाकी सगळं समजलं. ही तार सोडून. पण तिच्याने काही बिघडेल असं वाटत नाही." तिने समुद्राकडे एक नजर टाकली. मग म्हणाली, "अंधार पडायच्या आत ये, राविरी."

नेव्हिलने स्वतः राविरीची बोट पाण्यात सोडली, ट्रॅक्टर भरतीच्या रेषेवर आणून उभा केला आणि जेवायला वर घरी गेला.

मटणाचा रस्सा होता, तळलेला पाव होता. नेव्हिल दोनदा वाढून घेऊन जेवला. मान वर करून पाहिलं तर खिडकीबाहेर काही नव्हतं. समुद्र नाही, कुंपण नाही. धुकं. अंधार केव्हाच पडला होता. रेडिओवर राविरीला हाका मारून झाल्या. नुसती खरखर.

मेरेआनाने हातातला डाव खाली ठेवला. "शेजाऱ्यांना उठवते. बोट घालूया. किल्ली ट्रॅक्टरलाच आहे ना?"

नेव्हिलचा हात आपोआप खिशाकडे गेला. शहरी सवय. गाडी थांबली की किल्ली खिशात. त्याने ती काढून टेबलावर ठेवली.

मेरेआना किल्लीकडे बघत राहिली. नेव्हिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं…

आणि खाली किनाऱ्यावर ट्रॅक्टर सुरू झाला.

दोघांनी ऐकला. तोच तो जड, खोकल्यासारखा आवाज. किल्ली टेबलावर होती.

नेव्हिल ती उचलून धावला. मेरेआना त्याच्या मागे. वाळूवर पोचले तेव्हा धुक्यात त्या मागच्या दिव्याच्या उजेडात ट्रॅक्टर तेवढा दिसत होता. दिवा लांब जात होता. ट्रॅक्टर ट्रेलर मागे रेटत पाण्यात उतरत होता.

सीटवर कुणी नव्हतं.

स्टिअरिंग हलत नव्हतं. खिटी लागलेली होती. लाटा चाकांवर फुटत होत्या. इंजिन गुदमरलं नाही. मग ट्रॅक्टर थांबला. दिवा तसाच… समुद्राकडे.

किती वेळ गेला कोण जाणे. मेरेआनाने नेव्हिलचं मनगट धरलं होतं.

दुरून बोटीच्या इंजिनचा आवाज आला. जवळ आला. थांबला. ट्रेलरवर काहीतरी घासलं. साखळी वाजली.

मग सीटखालची तार ताणली गेली.

नेव्हिलला तेव्हा उमगलं. ती तार एकट्या माणसासाठी होती. कंबरभर पाण्यात उभं राहून एका हाताने बोट सरळ धरायची, दुसऱ्या हाताने तार ओढायची. कुणी चालवायला नसलं तरी ट्रॅक्टर बोट वर ओढून नेतो. तार ओढणारा मागे असतो… पाण्यात.

ट्रॅक्टर हळूहळू वर आला. बोट आली. बोटीत राविरी, थंडीने निळा पडलेला. उडी मारून त्याने आईला मिठी मारली.

"होकायंत्र बिघडलं, काहीच दिसेना. हा दिवा दिसला म्हणून आलो. काका, एवढ्या गारठ्यात पाण्यात उतरून हुक लावलंत. हाक मारली तर ओ तरी द्यायचीत."

नेव्हिलने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. कोरडे ठणठणीत होते.

इंजिन अजून चालू होतं. ते बंद करायला तो ट्रॅक्टरपाशी गेला. आणि तिथेच थांबला. मेरेआना बोटीतला दिवा घेऊन जवळ आली.

किल्लीच्या भोकात किल्ली होती. गंजून काळी. तिच्यावर खडकाला धरतात तसल्या बारीक पांढऱ्या शिंपल्या धरलेल्या.

राविरी काही विचारणार होता. मेरेआनाने हात वर केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता.

"आणून ठेवली त्याने," ती म्हणाली. "जागेवर."

तीच किल्ली आहे ती. दुपारी तुमच्यातल्या कुणीतरी ओढून बघितली, मी पाहिलं. फिरते, पण निघत नाही. राविरी याच ट्रॅक्टरने रोज बोट घालतो, संध्याकाळी धुऊन शेडमध्ये कोरड्यात उभा करतो.

शिंपल्या मात्र वाढताहेत. गेल्या वर्षी तांदळाएवढ्या होत्या.