आकसलेले मीठ

"सर, मीठ आकसलंय," शलाका कामतेकर म्हणाली, आणि चांद्रतळाचे प्रमुख डॉ. श्रीपाद केळशीकर मनमुराद हसले.

हसण्यासारखेच होते ते. मिठाच्या स्फटिकातल्या अणूंमधले अंतर म्हणजे काही कांद्याचा भाव नव्हे, आज एक आणि उद्या भलताच. शलाकाची प्रकृती तपासायला आलेल्या डॉ. नझीमा पटवेकरही हसल्या. शलाका मात्र क्ष-किरण विवर्तनमापकाच्या पडद्यावरून नजर काढेना.

या तळाचा सगळा जीव अणुभट्टीत, आणि भट्टीचा जीव तिच्या कुरुंदाच्या, म्हणजे हिऱ्याखालोखाल कठीण स्फटिकाच्या, भिंतीत. दर आठवड्याला त्या भिंतीचा कपचा काढून त्याचे चूर्ण विवर्तनमापकात ठेवायचे. क्ष-किरण कोणत्या कोनात वळून येतात, त्यावरून अणूंमधले अंतर कळते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने ते वाढले की भिंत फुगली. फुगलेली भिंत आतून तडकते, आणि तडकलेली भिंत किरणोत्सर्ग अडवत नाही. आजवर ती केसभरही फुगली नव्हती. त्या भरवशावरच शलाका पाचवा महिना लागला तरी इथे राहिली होती. आज दुपारी यान पृथ्वीकडे परतणार होते आणि पुढचे यायच्या आधी ती बाळंत होणार होती. जायचे की राहायचे, हे आजच्या अहवालावर ठरायचे होते.

म्हणूनच यंत्र ज्या ठरावीक चूर्णाशी जुळवायचे, त्या एकाच प्रमाणावर तिला विसंबायचे नव्हते. सकाळीच यानाचे वैमानिक भार्गव घोसाळकर यांनी तिच्या आईने डोहाळ्यांसाठी पाठवलेले आवळे आणि खडेमीठ आणून दिले होते. आवळे तिने खाल्ले आणि मीठ खलात कुटून यंत्रात ठेवले.

"मीठ ओलं असेल," केळशीकर म्हणाले.

"ओलं मीठ विरघळेल सर, आकसणार कशाला?"

"मग यंत्र सरकलं असेल."

"यंत्र सकाळीच प्रमाणचूर्णाशी जुळवलंय. रोजच जुळवतो. रोजच थोडं सरकलेलं सापडतं." ती क्षणभर थांबली. "सर, प्रमाणचूर्णाची बाटली आपण ठेवतो कुठे?"

प्रश्न विचारायची गरजच नव्हती. ती तर केळशीकरांची शिस्त होती, आणि पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवत: प्रमाण आणि नमुना एकाच तापमानाला हवेत, नाहीतर तुलना खोटी. म्हणून पृथ्वीवरून आणलेल्या शुद्ध कुरुंदाच्या चूर्णाची बाटली भट्टीच्या भिंतीतल्याच एका कोनाड्यात राहायची.

केळशीकरांचे हसू मावळले.

"मीठ आकसलं नाही," शलाका म्हणाली. "आपली मोजपट्टीच ताणली गेलीय. कुरुंदाने कुरुंद मोजत बसलो आपण, आणि दोघांनीही एकच मार खाल्ला. दोघंही सारखेच फुगले, म्हणून फरक शून्य! आपण यंत्राचे कान पिळत राहिलो. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"म्हणजे भिंत..." केळशीकरांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले. "मिठात जेवढी घट दिसतेय, तेवढी भिंत फुगलीय. ती केव्हाच तडकली असणार."

शलाकाला भीती वाटली. ज्या भिंतीपलीकडे ती रोज झोपत होती, तीच तिला इतके दिवस फसवत आली होती.

"अगं, घाबरू नकोस," नझीमाताईंनी तिचा हात धरला. "मी दर आठवड्याला सगळ्यांचं रक्त तपासते. किरणोत्सर्ग झाला असता तर पांढऱ्या पेशी आधी घटल्या असत्या. सगळे अगदी प्रमाणात आहेत. आणि तू तर सगळ्यांत उत्तम!"

शलाकाने मोठा श्वास सोडला. केळशीकरांचाही जीव भांड्यात पडला. पण मिठाचे ते चूर्ण समोरच होते, आणि शलाका पुन्हा त्याच्याकडे पाहू लागली.

"ताई, प्रमाणात म्हणजे कोणाच्या प्रमाणात?"

"यंत्र जुळवायला पृथ्वीवरून आणलेलं प्रमाणरक्त नासलं ना प्रवासात. मग मी सरांचीच शिस्त उचलली. प्रमाण इथलंच हवं, इथल्याच हवेत राहणारं. तेव्हा सर्वांत तरुण, सर्वांत निरोगी अशी एकच होती..."

नझीमाताईंचे वाक्य अर्धवटच राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी," शलाका म्हणाली.

दर आठवड्याला तिच्या रक्ताशी यंत्र जुळवले जात होते. ते थोडे सरकलेले सापडे, म्हणून पुन्हा जुळवले जाई. साऱ्या तळाची तपासणी तिच्या रक्तावरून झाली होती. खुद्द तिच्या रक्ताची तपासणी आजवर झालीच नव्हती.

आता बाहेरचे रक्त हवे होते, आणि तळावर बाहेरचा माणूस एकच होता. घोसाळकरांना यानाच्या पायरीवरून बोलावून आणले. बाही वर करताना ते कुरकुरले, "अहो, उड्डाणाची वेळ होतेय." नझीमाताईंनी थेंब यंत्रात टाकला.

पडद्यावर लाल अक्षरे उमटली: पांढऱ्या पेशी प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. रुग्णाला तातडीने उपचार हवेत.

घोसाळकरांनी ते वाचले आणि ते खो खो हसत सुटले. "काय हो हे डॉक्टर! परवाच पृथ्वीवर वैद्यकीय तपासणी झालीय माझी. मी ठणठणीत आहे!"

या वेळी दुसरे कोणी हसले नाही.

"हो," शलाका म्हणाली. "तुम्ही ठणठणीत आहात."