न्याहाळकाची नवी आवृत्ती

मंदाकिनीबाई स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा चहाचा कप हवेत अधांतरी होता.

"उठलीस? चहा गाळलाय," कपाजवळून दिगंबररावांचा आवाज आला. आवाज होता, माणूस नव्हता.

बाईंनी ओट्याचा आधार घेतला. "अहो, कुठे आहात तुम्ही?"

"हा काय, तुझ्यासमोर उभा आहे!"

डोळे गेल्यावर बाईंना कृत्रिम दृष्टी मिळाली होती. चष्म्यातला कॅमेरा दृश्य टिपायचा आणि कानामागच्या चिपमधला न्याहाळक ते जुळवून मेंदूकडे पाठवायचा. एकेकाळी संगणकावर इंटरनेटची पानं उघडणारा न्याहाळक आता असा माणसांच्या डोळ्यांत येऊन बसला होता. पण खोड तीच. दर थोड्या दिवसांनी, न विचारता, नवी आवृत्ती. एकदा जास्वंदीचा लाल रंग विटकरी झाला. एकदा अक्षरं मोठी करण्याची खूणच गायब झाली. बाई चरफडायच्या, सवय करून घ्यायच्या, तोवर पुढची आवृत्ती हजर.

त्यांनी कंपनीला फोन लावला.

"नवी आवृत्ती माणसं ओळखपट्टीच्या संकेतावरून दाखवते, मॅडम," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "त्यामुळे चित्र झटपट तयार होतं. मनगटावर पट्टी नसेल, तर त्या जागी मागचं दृश्य भरलं जातं."

"मला जुनी आवृत्ती परत द्या."

"जुनी कालपासून बंद झाली. नवी काढली, तर काहीच दिसणार नाही."

दिगंबररावांनी ती पट्टी कधीच बांधली नव्हती. आपण कुठे जातो, किती झोपतो, हे परक्यांना कशाला कळवायचं, असं त्यांचं म्हणणं.

"आणतो आजच पट्टी," आता मात्र ते म्हणाले.

बाईंनी चाचपडत हात पुढे केला. दाढीचे खुंट वाढलेला गाल बोटांना लागला. डोळ्यांना मात्र त्या जागी नुसती फडताळाची फळी दिसत होती.

तेवढ्यात बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. शेजारचे लॉरेन्स शाळेची व्हॅन काढत होते. गेल्या वर्षीच त्यांनाही असेच डोळे बसवले होते, अगदी त्याच कंपनीचे.

बाई धावतच फाटकाशी गेल्या. सावंतवाडीचा तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. पण कानांवर चपलांची फटफट येत होती. वळणापलीकडे सायकलची घंटा वाजली. अगदी जवळ दोन लहान मुली कशावरून तरी खिदळत होत्या. एवढ्या लहान मुलांना पट्टी कोण बांधतं?

"लॉरेन्सभाऊ, थांबा! गाडी हलवू नका!"

लॉरेन्सनी पट्टी बांधलेल्या हातानं गिअर टाकला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि हसून विचारलं,

"का हो वहिनी? रस्ता तर मोकळाच आहे ना?"